तिसऱ्या मजल्यावरचा फौजी

सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गेला आणि मी फौजेतून डिंडोलीला घरी परतलो. कृत्रिम पाय बसवला होता, तरी वर्षभर घरातच बसून होतो. एकदा बायको म्हणाली, "नवागामात तुमच्यासारखाच एक फौजी आहे. नवा पाय कोपऱ्यात टाकून बसलाय. त्याची आई रडत होती. जाऊन या ना."

त्याला काय सांगावं याचा विचार करतच मी पोहोचलो. कुबड्या घेऊन त्यानंच दार उघडलं.

"दादा, या पायानं तीन मजले चढून आलात?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं! घरी आल्यापासून मी एकही जिना चढलो नव्हतो.

गप्पा रंगल्या. निघताना मात्र जिन्यावरून खाली पाहिलं आणि कठडा घट्ट धरून थांबलो. "चढलो खरा, आता उतरवणार कोण?" मी म्हणालो.

तो खो खो हसला. "थांबा," म्हणाला, आणि कोपऱ्यातला पाय बांधून आला. एकमेकांना धरून आम्ही हळूहळू उतरलो. खाली टपरीवर आम्ही चहा घेत असताना त्याची आई गॅलरीतून आमच्याकडे बघतच राहिली.

पुढच्या आठवड्यात तोच माझ्या दारात आला. "दादा, लिंबायतमध्येही एक जण आहे. येता?"

मी लगेच निघालो.