शुगर उतरेना, ऑपरेशन होईना

मी कॅन्सर वॉर्डात नर्स. तिथलं काही सांगायला लागले की घरचे म्हणतात, "तिथं काय हसायचं असतं?" आता काय सांगू! स्तनाच्या कॅन्सरची बाई आली आणि तिला शुगरही असली, की किस्से नुसते साचत जातात.

कळमनुरीच्या एका मावशींना आमच्या डॉक्टर मॅडम समजावत होत्या, "शुगर वाढलेली असली की ऑपरेशन अवघड. जखम भरत नाही, पू होतो."

मावशींनी उलट मॅडमनाच धीर दिला. "कॅन्सर आल्यावर शुगर टिकते व्हय? कलेक्टर आल्यावर तलाठी खुर्चीवर बसून राहतो का!"

मॅडमनी प्यायला पाणी मागवलं.

गोरेगावच्या काकूंचा वेगळाच इलाज. आधी जिलेबी, वरून कडुलिंबाचा पाला. "गोडामागून कडू गेलं की पोटात बराबर होतंय!" रिपोर्ट बघून मी कपाळाला हात लावला, तर म्हणाल्या, "पाला जुना निघाला असंल."

पण सगळ्यांवर ताण केली साखरा गावच्या गयाबाईंनी. छातीतली गाठ काढायची होती, भरती व्हायची तारीख ठरली आणि शुगर आभाळाला टेकलेली! मॅडमनी ऑपरेशन पुढं ढकललं. मला खरंच भीती वाटत होती. शुगरसाठी आम्ही थांबायचो, गाठ थोडीच थांबणार होती!

चौकशी केली तर अख्खं गाव भेटायला येत होतं. आलेल्याला चहा, आणि पाहुण्याचा आग्रह, "तुमी घ्याल तर आमी घेऊ." दिवसभर बाईंच्या हातात कप! ऑपरेशन लांबल्याचं कळल्यावर तर दुप्पट लोक आले. सांत्वनाला! पुन्हा चहा.

मी त्यांच्या मालकांना, किसनरावांना, चांगलाच दम भरला. त्यांनी घरात साखरच बंद केली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा चुलतभाऊ कप ठेवून उठला. "आमाला काहून फिका? आमाला झाला का कॅन्सर?" भेटणारे मात्र कमी झाले.

तरी शुगर उतरेना. मॅडमनी गोळी वाढवली. उतरेना. आणखी वाढवली. गयाबाई रडकुंडीला आल्या, "सिस्टर, साखरेचा दाणा शिवले न्हाई मी!" खोटं बोलणारी बाई नव्हती ती. माझाही जीव तुटत होता.

पुढच्या तपासणीला दोघं आले, तर बाकावर बसल्या बसल्या किसनरावच घामाघूम होऊन आडवे झाले. बोटातून रक्त काढून बघितलं, त्यांची शुगर पार तळाला! मी घाईघाईनं ग्लुकोजचं पाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर मॅडमनी विचारलं, "तुम्हालाही शुगर आहे का?"

"मला काहून असंल?"

"मग गोळी कसली घेतली?"

किसनराव ओशाळले. "रोज गोळ्या मीच काढून देतो हिला. एवढाल्या गोळ्या, एकटीनं किती सोसावं? म्हणलं, दुखण्याच्या तिला, शुगरच्या मला."

गयाबाई उठल्या, पदर खोचला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ऑपरेशन तरी माझंच होऊ द्या!"