सावंतवाडी कुठे आहे

अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा उजवा हात गेला आणि तोंडात एकच शब्द उरला, सावंतवाडी. चहा दिला तरी सावंतवाडी, गोळ्या दिल्या तरी सावंतवाडी. माझी बाही ओढून, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे. मी नाशिकहून धावत आलेली एकुलती एक मुलगी. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. विचारू कोणाला?

सावंतवाडी आमचं मूळ गाव. बाबांच्या घराण्यात लाखेच्या खेळण्यांचं काम. नोकरी संपल्यावर त्यांनी भाईंदरला एका गाळ्यात लेथ बसवला. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की ती वितळून रंग चढतो, आणि वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. लाकूड जवळच्या चेणे गावाकडचं, केवडा भाईंदरजवळच्याच डोंगरीचा, भोवरा भाईंदरमध्ये कातलेला. नाव मात्र सावंतवाडीचं. कोणी 'असली है ना?' विचारलं की बाबा आपले दोन्ही हात पुढे करायचे. हळूहळू लोक भोवऱ्यालाच सावंतवाडी म्हणायला लागले. अंकल, दो सावंतवाडी देना.

म्हणून मी आधी भोवराच त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुन्हा बाही ओढली. मग मी ठरवून टाकलं, यांना गावची ओढ लागलीय. माझा स्वभावच तसा, एकदा ठरलं की ठरलं. गावच्या काकांनीही फोनवर सांगितलं, घेऊन ये, इथेच राहू दे. मी गाळा रिकामा केला. लेथ भंगारवाल्याने टेम्पोत चढवला, लाखेच्या कांड्या मी कचऱ्यात टाकल्या. फार मोठं काम उरकल्याच्या थाटात वावरत होते मी.

गावी तळ्याकाठी खुर्ची मांडून त्यांना बसवलं. त्यांनी चहूकडे पाहिलं आणि ते रडायला लागले. "सावंतवाडी," म्हणाले.

"बाबा, हीच आहे ना सावंतवाडी," मी ओरडले. लोक बघायला लागले. बाबांनी मान हलवली, नाही. त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. पाचव्या दिवशी मी त्यांना भाईंदरला परत आणलं. त्यांचं डोकं फिरलंय असं वाटत होतं, आणि माझंही फिरायला फार वेळ उरला नव्हता.

लिफ्टपाशी समोरच्या गुजराती काकू भेटल्या. त्यांनी विचारलं, अंकल आजकल सावंतवाडी नहीं जाते? मी तुसडेपणाने म्हटलं, वहीं से तो आ रहे हैं.

"अरे, वो नहीं," काकू म्हणाल्या. "अंकल गाले पे जाते थे तो तुम्हारी मम्मी बोलती थी, गेले सावंतवाडीला. अभी पूरी बिल्डिंग वही बोलती है."

आईची थट्टा. माझ्या लग्नानंतरची, मला कधी कळलीच नव्हती. बाबा व्हीलचेअरमधून जोरजोरात मान डोलावत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते हसत होते. डाव्या हाताने रस्त्याकडे दाखवून म्हणाले, "सावंतवाडी."

मला खरं सांगायचं धैर्य झालं नाही. गाळ्याची किल्ली अजून माझ्या पर्समध्येच होती. मी त्यांना घेऊन गेले आणि शटर वर केलं. आत लादीवर लेथचे चार बोल्ट होते आणि भिंतीवर लाल लाखेचे शिंतोडे. बाबा बराच वेळ बघत राहिले.

त्यानंतर तो शब्दही त्यांच्या तोंडून आलेला नाही.