शून्यावरचा काटा

रंगमंचावर मी चाळीस वर्षं खोटं रक्त सांडलं. खरं रक्त पाहिलं ते आमच्या दाजींनी.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. प्रयोगशाळेतला मोठा चुंबक त्यांच्या ताब्यात होता. द्रव हेलियममध्ये बुडवलेली तारेची गुंडाळी. तिच्यात एकदा वीज भरली की बाहेरचा पुरवठा काढला तरी ती आतल्या आत फिरत राहते. बाहेर मीटरचा काटा शून्यावर, आत चुंबक पूर्ण जागा. म्हणून दाराला लाल पाटी: चुंबक चालू, लोखंड आत नेऊ नका. ती दाजींनीच लावायची, दाजींनीच काढायची. अशा थंड कामामुळे सगळे त्यांना थंडोबा म्हणत. स्वभाव मात्र तापलेला तवा. खिशात किल्ली घेऊन आत निघालेल्या एका शास्त्रज्ञाच्या त्यांनी मुस्काटात दिली होती.

त्या सकाळी प्रयोगशाळेच्या फिटरशी जुंपली.

"तू कसला रे तंत्रज्ञ, थंडोबा? दारावरचा राखणदार तू."

दाजींनी त्याची गचांडी धरली, त्यानं दाजींचं नाक फोडलं. लोकांनी सोडवलं. दाजी नाक धुवायला गेले आणि लावायला घेतलेली पाटी मोरीच्या कठड्यावरच राहिली.

फिटर गळका नळ आवळायला आत शिरला. मीटर पाहिला, शून्य. चार पावलांवर हातातला पाना त्यालाच फरफटत घेऊन गेला आणि चुंबकाच्या टाकीवर आदळला. मधे त्याचा पंजा. हाडं मोडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

तिघांनी ओढूनही पाना हलेना. फरशीवर रक्ताचं थारोळं.

"चुंबक सावकाश उतरवू," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "अर्धा तास. एकदम विझवला तर गुंडाळी जळेल, चार महिन्यांचं काम जाईल."

"अर्ध्या तासात हा जाईल," दाजी म्हणाले.

प्रमुख चुंबक एकदम विझवायच्या बटणासमोर आडवे उभे राहिले. दाजींनी त्यांच्या कानशिलात लगावली, बाजूला ढकललं आणि बटण दाबलं.

हेलियम गर्जत उकळला, खोली पांढरी झाली. त्या वायूत माणूस गुदमरतो. पण वायू वर चढतो, जमिनीलगत हवा उरते. दाजी पोटावर सरपटत गेले. पाना सुटून पडला होता. फिटरला पायाला धरून त्यांनी बाहेर ओढलं. दारात त्यानं डोळे उघडले आणि हेलियमनं पिपाणी झालेल्या आवाजात दाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौकशीपर्यंत कुणीतरी पाटी गुपचूप दाराला अडकवली होती. सगळा दोष फिटरच्या माथी चालला होता. दाजी उठले. "पाटी मी विसरलो. मोरीवर."

नोकरी गेली.

महिन्यानं फिटर घरी आला. मी तिथंच होतो. उरलेल्या तीन बोटांनी त्यानं दाजींना अशी ठेवून दिली की चष्मा भिंतीवर आपटला.

"ही पाटीची."

दाजी गाल चोळत म्हणाले, "आणि माझ्या नाकाची?"

"ती तू मार. माझा हात भरून येऊ दे आधी."

ताईनं चष्मा उचलला. "बसा आता दोघं," ती म्हणाली, "चहा गार होतोय."