वर्गातली सुनावणी

कायद्याच्या कॉलेजात मी सर्वोच्च न्यायालय शिकवते. म्हणजे तिथलं काम कसं चालतं ते शिकवते. ती इमारत मी एकदाच पाहिली आहे, तीही बाहेरून, भाचीच्या लग्नाला दिल्लीला गेले होते तेव्हा. हे मी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगून टाकते. मागाहून कोणीतरी शोधून काढण्यापेक्षा बरं.

आमचं कॉलेज सकाळचं. कोणी लासूर स्टेशनहून गाडी पकडून येतं, कोणी चिकलठाण्यातली रात्रपाळी संपवून तसंच लाल डोळ्यांनी वर्गात बसतं. दरवर्षी एक तरी महाभाग असतो जो म्हणतो, "मॅडम, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." मी म्हणते, "मग फी भरून इथं कशाला बसलास? ऊठ." वर्ग हसतो. हे आमचं ठरलेलं आहे.

मग मी घटनेचं कलम एकशे छत्तीस काढते आणि हसणं संपतं, निदान माझं तरी. लोकांना वाटतं, खाली हरलो, हायकोर्टात हरलो, तरी वर एक कोर्ट आहे आणि तिथं आपलं म्हणणं पहिल्यापासून ऐकून घेतील. तसं नसतं. तिथं जाणारे बहुतेक लोक अपील घेऊन जातच नाहीत. अपील करू द्या, एवढी परवानगी मागायला जातात. ती हक्कानं मागता येत नाही, द्यायची की नाही ते न्यायमूर्तींनी ठरवायचं. त्यांनी कागद आधीच वाचलेले असतात. सोमवारी आणि शुक्रवारी अशा नव्या याचिका एकामागून एक पुकारल्या जातात आणि पुष्कळशा उंबऱ्यातूनच परत जातात. कधी दोन मिनिटांत, कधी तेवढीही लागत नाहीत. सगळ्या देशाचं सगळं ऐकत बसायचं म्हटलं तर त्यांना जन्म पुरणार नाही, हेही मी सांगते, कारण तेही खरंच आहे.

पोरं हे लिहून घेतात. परीक्षेत बरोबर उत्तर लिहितात. आणि विश्वास मात्र एकाचाही बसत नाही.

एका वर्षी या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर पाचोडकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायची. बोलायची कमी, पण विचारलं की नेमकं उत्तर द्यायची. तिचा बाप हर्सूलच्या जेलात जन्मठेप भोगत होता, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. गावात विहिरीच्या पाण्यावरून मारामारी झाली, एक माणूस मेला, चौघांना शिक्षा झाली. बाप म्हणायचा की मी त्या दिवशी बाजारात होतो. सेशन कोर्टानं ते मानलं नाही, हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठानंही मानलं नाही. आता दिल्लीला याचिका गेली होती, कायदेविषयक मदतीतून मिळालेल्या वकिलामार्फत. खरं काय होतं ते मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलंही नाही.

दुसऱ्या सहामाहीत आम्ही वर्गात खोटं कोर्ट भरवतो. पोरं त्याला मूट म्हणतात. काळा कोट मागून आणायचा, टेबलाला पांढरी चादर, दोघं न्यायमूर्ती होतात, दोन बाजूंना वकील. विषय मी देते आणि तो नेहमी बनवलेला असतो. त्या वर्षी ती मुलगी बापाच्या याचिकेची झेरॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आली. हेच घेऊ म्हणाली.

मी सरळ नाही म्हटलं. चालू असलेलं प्रकरण घ्यायचं नाही, हा माझा नियम आहे.

ती हलली नाही. म्हणाली, "मॅडम, तिकडं सगळं इंग्रजीत बोलणार. खालच्या कोर्टात बाबा कोपऱ्यात उभे असायचे, त्यांना काहीच ऐकू यायचं नाय. मला एकदा मराठीत ऐकू द्या, आमच्याकडून कोणीतरी नीट बोललेलं."

मी हो म्हटलं. ती चूक होती असं मला आजही वाटत नाही, आणि ज्यांना वाटतं त्यांनी तिच्यासमोर उभं राहून नाही म्हणून दाखवावं.

मूट झालं. तिनं स्वतःच वकिली केली. तिच्या बोलण्याचा जोर एका मुद्द्यावर होता: मुख्य साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी इतक्या उशिरा का घेतला? तो माणूस गावातच होता, पोलीसही गावातच होते. ती मनापासून आणि मुद्द्याला धरून बोलली. सरकारच्या बाजूनं उभा होता चिकलठाण्याला रात्रपाळी करणारा एक मुलगा, एरवी वाद घालण्यात कोणाला हार न जाणारा. त्या दिवशी तो असा गुळमुळीत बोलला की मला त्याचा कान धरावासा वाटला. मेलेल्या माणसालाही घर होतं, बायको होती, हे त्यानं म्हणायला हवं होतं. त्यानं म्हटलं नाही. कोणीच म्हटलं नाही.

न्यायमूर्ती झालेल्या दोघांनी आपसात कुजबुज केली आणि निकाल दिला, निर्दोष मुक्तता. मी मागून ओरडले, "अरे, आधी परवानगी तर द्या. परवानगी दिली, एवढंच म्हणा. सुटका लांब आहे अजून." माझं ऐकतो कोण. बाक वाजायला लागले. मुलीनं ओढणीत तोंड खुपसलं आणि ती रडली, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

पुढच्या मुलाखतीला, म्हणजे जेलच्या भेटीला, तिनं हे बापाला सांगितलं. कॉलेजात तुमची केस चालली, तुम्ही सुटलात. बापानं बराकीत सगळ्यांना सांगितलं. खोटं कोर्ट होतं हे त्याला कळत होतं, तो काही खुळा नव्हता. पण शिकलेल्या पोरांनी कागद वाचून सोडलं, तर वरचे तर त्याहून शिकलेले, असा त्याचा हिशेब. त्याच्या घराचे पत्रे गळायला लागले होते. बायकोनं बदलायचं काढलं तेव्हा त्यानं सांगितलं, "आता राहू दे. मी आल्यावर बघतो."

तारीख शुक्रवारची लागली. दिल्लीच्या वकिलानं लिंक पाठवली, घरबसल्या पाहता येईल म्हणाला. मुलगी म्हणाली, घरी नेट चालत नाय, वर्गात पाहू. मी प्राचार्यांना सांगून मोठा पडदा लावून घेतला. त्या दिवशी कोणी गैरहजर नव्हतं. रात्रपाळीवालेसुद्धा घरी न जाता थांबले.

मुलीची आई पहाटेच्या एसटीनं आली होती. वर्गाच्या दाराशी तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो ताई, राहू द्या." तिनं ऐकलं नाही. पहिल्या बाकावर, पोरांच्या शेजारी, अंग चोरून बसली. मांडीवर पिशवी होती, पिशवीत वर्गाला वाटायला आणलेले शेंगदाण्याचे लाडू. मला ते आधी माहीत नव्हतं.

पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी होत्या. नंबर पुकारला जायचा, कोणीतरी वकील बोलायला लागायचा, मधेच तोडला जायचा, पुढचा नंबर. आई पडद्याकडे देवाकडे पाहावं तशी पाहत होती. "आपला वकील कोंचा?" तिनं विचारलं. मुलगी म्हणाली, "आपला नंबर आल्यावर दिसंल."

आला. बारीक अंगाचा, तरुण वकील होता. त्यानं साक्षीदाराच्या जबाबाला झालेल्या उशिराचं एक वाक्य पुरं केलं आणि दुसरं सुरू केलं. न्यायमूर्ती म्हणाले की तो मुद्दा हायकोर्टानं पाहिला आहे, दोन्ही कोर्टांचं मत एकच आहे, आम्हाला यात हात घालण्यासारखं काही दिसत नाही. आवाज रागाचा नव्हता. वकील आणखी काही म्हणायला गेला. डिसमिस्ड. पुढचा नंबर पुकारला.

मुलगी पडद्याकडेच पाहत राहिली, तिथं आता गुजरातमधल्या कुठल्या तरी जमिनीचं चाललं होतं. चिकलठाण्याचा मुलगा उठला आणि काहीही बिघडलेलं नसताना पडद्याची वायर नीट करायला लागला.

थोड्या वेळानं आईनं मागं वळून मला विचारलं, "मॅडम, आमचं कधी लागंल?"

मी इतकी वर्षं शिकवते आहे. हे वाक्य मी कुठल्याही तासाला आधी ऐकलं नव्हतं. मुलीकडे पाहिलं, ती मान वर करेना. मग माझ्याशिवाय कोण सांगणार?

"लागलं, ताई. झालं."

"झालं? काय झालं?"

"परवानगी नाही दिली."

ती पडद्याकडे वळली, परत माझ्याकडे. "आसं कसं? आजून कोणी बोललंच नाय की."

मी सांगायला लागले. की साहेबांनी कागद आधी वाचलेले असतात. की तिथं बोलण्यापेक्षा कागद महत्त्वाचा. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी तिच्यापुढं तास घेते आहे, तीच वाक्यं, त्याच क्रमानं. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आधीच ठरलं व्हतं तर कळवायचं व्हतं. पोरगी परवापासून जेवली नाय." लाडवांची पिशवी तिनं उघडलीच नाही. जाताना बाकावर विसरली की ठेवून गेली, कोण जाणे. आम्ही कोणी पिशवीला हात लावला नाही. शेवटी शिपाईमामा घेऊन गेले.

व्हरांड्यात मुलीनं मला गाठलं. "फेरविचार याचिका करता येईल ना, मॅडम?"

"येईल."

"ती त्यांच्या दालनातच बघतात. तिथं तर वकिलालाही बोलायला नसतं." याचंही उत्तर तिनं पेपरात पूर्ण लिहिलं होतं. "तरी करू," ती म्हणाली. मी म्हटलं, करू. केली, आणि तीही गेली, पण ते पुढचं.

बापाला सांगायला तिला एकटीला जाववत नव्हतं. आई होतीच, मीही बरोबर गेले. मला आत सोडणार नव्हतेच, मी बाहेर लिंबाखाली थांबले. आणखीही बायका होत्या, कोणाच्या हातात कपड्यांचं गाठोडं, कोणाच्या कडेवर लेकरू. मला राग येत होता. कोणाचा ते सांगता येत नाही. न्यायमूर्तींनी त्यांचं काम केलं होतं. वकिलानं त्याचं. मीही माझं. सगळं नियमानं झालं होतं, आणि तो माणूस आत म्हातारा होणार होता.

मायलेकी बाहेर आल्या. मुलीचे डोळे कोरडे होते. मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणले, तुमच्या कॉलेजात तर मी सुटलो होतो ना? मी म्हणलं, व्हय. तर म्हणले, पोरांनी पुरं ऐकून घेतलं होतं ना? मी म्हणलं, व्हय बाबा, पुरं ऐकलं. मग म्हणले, बरं झालं, कुठं तरी ऐकलं."

आम्ही तिघी रिक्षात बसलो. शहरातल्या दिल्ली गेटाशी गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा आईनं पदर सारखा केला आणि मला विचारलं, "मॅडम, पत्रे इथंच घ्यावं का पाचोडात?"