वाचून दाखवणाऱ्यास

रक्तपेढीच्या वेबसाइटमध्ये लहानसा बदल करायचा होता, पण सकाळपासून बिल्डच होईना, कोडमधून साइट तयारच होत नव्हती. शोधल्यावर कळलं, तारखांचा हिशेब ठेवणारं एक छोटं पॅकेज, म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला कोड, आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. पॅकेजच्या इंटरनेटवरच्या पानावर ते लिहिणाऱ्याची एकच ओळ होती : ‘माझी दृष्टी गेली आहे, आता हे कुणीतरी सांभाळा.’

शेजारच्या टेबलावरची मीनल म्हणाली, “अगं, दुसरं पॅकेज टाक नि मोकळी हो.”

मी टाकलं. साइट सुरू झाली, पण मन थाऱ्यावर येईना. चार वर्षं ज्याच्या कामावर विसंबले, त्याचं नाव मी आज पहिल्यांदा वाचलं होतं. आभाराचं पत्र लिहायला घेतलं आणि अडले. तो वाचणार कसा?

शेवटी पत्राच्या अगदी वर लिहिलं, ‘जे कुणी त्यांना हे वाचून दाखवाल, जरा सावकाश वाचा.’