कपाटातली सुई

कवठे महांकाळकडच्या एका उपकेंद्रात मी तेव्हा नर्स होते. बाळंतपणं मीच करायची, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध द्यायचं नाही. मनानं एक सुई टोचली की नोकरी गेलीच. असला कसला नियम, आजही डोकं फिरतं माझं.

एका फौजीच्या बायकोला दुपारी मुलगी झाली आणि तिचं रक्त थांबेना. ते थांबवायचं इंजेक्शन समोरच्या काचेच्या कपाटात होतं. डॉक्टर तालुक्याला नसबंदीच्या शिबिरात. तिचा दीर त्यांना विचारायला सायकल हाणत गेला. मी दोन्ही हातांनी तिचं पोट दाबत बसले.

"आवं बाई, सुई हाय की तितं," सासू म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगायला पाहिजे."

"तुमाला येत न्हाई व्हय द्यायला?"

येत होतं. शिबिरांत दिवस दिवस मीच तर सुया टोचायची.

ऊन कलल्यावर दीर आला. दारातूनच ओरडला, "डाक्टर म्हनले, द्या!"

सासूनं मघाशीच सुनेचे डोळे मिटून तोंडावर लुगडं ओढलं होतं. तिनं सुनेचा दंड उघडा केला आणि माझ्याकडं बघितलं.

"द्या की आता."