दयानंद काचवाले आणि साहेबरावांचं कपाळ

लातूरच्या नांदेड रोडवर दयानंद बावीस वर्षं गाड्यांच्या समोरच्या काचा बसवतोय. काच फुटली म्हणून त्याला शिव्या देणारी माणसं रोज येतात. फुटली पण जीव वाचवला, असं सांगायला अजून एकही आलेलं नाही. त्याला त्याची सवय झाली होती. चाकूरकडचे माजी सरपंच साहेबराव मात्र सवयीपलीकडचे निघाले.

पहिल्यांदा ते आले तेव्हा ट्रकमागून उडालेल्या खडीनं त्यांच्या काचेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका पडला होता. आजच भरून घ्या, नाहीतर उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गारवा बसला की तडा धावत सुटेल, असं दयानंदनं सांगितलं. साहेबरावांना त्यात धंद्याचा वास आला. त्यांनी टवक्यावर स्वतःच्या फोटोचं स्टिकर चिकटवलं. आठच दिवसांत तडा फोटोतल्या कानातून निघून पार ड्रायव्हरपुढं आला.

तशीच गाडी महिनाभर फिरली. मग एका सकाळी रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली आणि साहेबरावांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी कशालाच धडकली नाही. साहेबराव मात्र काचेला धडकले. पट्टा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून पट्ट्यासाठी पिंपिं करणारी गाडी गप्प करायला त्यांनी पट्ट्याच्या खाचेत नुसती खोटी कडी अडकवली होती.

कपाळाला सात टाके घेऊन ते दुकानात आले. सोबत त्यांच्या पत्नी साखराबाई होत्या. एवढी महागाची गाडी आणि काच पापडासारखी, असं साहेबराव बराच वेळ सुनावत राहिले.

दयानंदनं ऐकून घेतलं. मग त्यांचा हात धरून काचेपुढं नेलं. कपाळ लागलं तिथून चिरा चहूकडं फाकल्या होत्या, त्यांना गोल चिरा आडव्या गेल्या होत्या. काच बाहेरच्या बाजूला टोपलीसारखी फुगली होती, पण एक तुकडा सुटला नव्हता.

"ह्या दोन काचा हायेत, मधी चिवट पडदा," तो म्हणाला. "काचेनं तुटून मार खाल्ला, पडद्यानं ताणून तुम्हाला आत धरलं. ती न तुटती तर तुमचं डोकं तुटलं असतं."

"म्हणजे तुटायलाच बनवली हाय?" साहेबरावांनी विचारलं. दयानंदनं हो म्हटल्यावर त्यांना कंपनीची लबाडी सापडल्याचा आनंद झाला.

नवी काच बसली. चिकटवणारा मसाला धरेपर्यंत गाडी हलवू नका, संध्याकाळी न्या, असं दयानंद म्हणाला. साहेबरावांनी घड्याळ पाहिलं. तालुक्याला त्यांचा सत्कार होता, जनतेच्या आशीर्वादानं बचावल्याबद्दल. ते गाडीत बसू लागले.

साखराबाईंनी किल्ली काढून कमरेला खोचली आणि दुकानातली खुर्ची ओढून बसल्या.

"संध्याकाळी म्हणले ना ते," त्या म्हणाल्या.

साहेबराव फोन काढून सत्कार पुढं ढकलायच्या मागे लागले. साखराबाई दयानंदकडं वळल्या. "जनतेचं मला ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या काचेनं लई उपकार केले बघा, भाऊ."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी असं बोललं होतं. दयानंदनं तीन चहा सांगितले.